हात वर न करणारी बाई

आमच्या इमारतीतल्या भजनाच्या बायका मला सांगतात, आता वय झालं, मनात काही ठेवू नका, सगळ्यांना माफ करून टाका. मी मान डोलावते. ज्याला माफ करायचं तो माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याच्या गॅरेजच्या जागी हॉटेल आलं, हॉटेल पाडून आता तिथे टॉवर चढतोय, आणि तरीही मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. रागाने रक्तदाब वाढतो असं डॉक्टर म्हणतात, पण माझा रक्तदाब चांगला आहे. हा सगळा प्रकार लिहायला बसले तीसुद्धा त्याची आठवण कोणी चांगली काढू नये म्हणून. नाव तेवढं बदललंय, तेही त्याच्या सुनेखातर, कारण ती बिचारी भली बाई होती. इथे आपण त्याला दामूशेठ म्हणू.

आम्ही राहायचो काशीमीऱ्याच्या नाक्याजवळ, हायवेला लागून असलेल्या दामूशेठच्या चाळीत. चाळ म्हणजे एका ओळीत काढलेल्या पत्र्याच्या खोल्या. पुढे त्याचं गॅरेज, मागे भातशेती, आणि बाजूला त्याचं स्वतःचं कौलारू घर, पुढे मोठी ओटी असलेलं. माझे वडील रत्नागिरीकडचे, त्याच्याच गॅरेजात फिटर. म्हणजे डोक्यावरचं छप्पर त्याचं, आणि बाबांच्या हातातला पानाही त्याचाच. आमच्या लहानपणी घड्याळ लागायचं नाही. पहाटे अहमदाबादकडे जाणारे ट्रक एकापाठोपाठ एक गिअर बदलत, तो आवाज ऐकून आई उठायची. मग गॅरेजात घण सुरू व्हायचा. त्या तालावर आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि घण थांबला की तिचा हातही क्षणभर थांबायचा. चुलीवर कुळथाची पिठी, नाहीतर भाजलेली सुकट आणि वर दोन थेंब कोकमाचा आगळ. आगळ गावाहून यायचा, बाटलीला चिंधीचं बूच मारून. पत्रा तापला की घरात डिझेलचा आणि सुकटीचा मिळून एक वास सुटायचा. आजही हायवेवरून रिक्षाने जाताना तो वास कुठून तरी नाकात येतो आणि माझी भूक चाळवते. पाठोपाठ रागही चाळवतो.

आईला सगळे फिटरीणबाई म्हणायचे. तिचं नाव सुलोचना होतं, पण त्या नावाने हाक मारायला कोणी शिल्लकच नव्हतं. ती कमी बोलायची. परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बोलायची, तेही खाली बघून. दामूशेठ तिला मुकी म्हणायचा. ती गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती आणि तिचं अक्षर बाबांपेक्षा चांगलं होतं, हे त्याला कधी कळलं नाही, कारण त्याने कधी विचारलंच नाही.

घरात मोठ्याने बोलणारं माणूस एकच, शांताराममामा. आईचा हा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्षा-दीड वर्षाने सुटीवर यायचा तेव्हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणायचा आणि डब्यापेक्षा जास्त गोष्टी. का कोण जाणे, त्याला निवडणुकांचं भारी वेड. ज्या बंदरात बोट लागेल तिथले लोक मत कसं देतात ते तो विचारून यायचा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गांबिया म्हणून एक चिमुकला देश आहे, तिथे म्हणे माणसं कागदावर शिक्का मारत नाहीत. प्रत्येक उमेदवाराचं एक रंगवलेलं पिंप असतं, त्यात काचेची गोटी टाकायची. पिंपाच्या आत घंटी. गोटी पडली की टण् वाजतं. बाहेर बसलेला साहेब कान लावून असतो, दोनदा टण् वाजलं की मतदाराला धरलाच. मधू, माझा धाकटा भाऊ, तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला ही गोष्ट इतकी आवडली की तो दिवसभर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिंचोके टाकत बसायचा आणि प्रत्येक चिंचोक्याला तोंडानेच टण् म्हणायचा. मामा सांगायचा, ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर तुरुंगात टाकतात. (नातीने शोधून सांगितलं, तुरुंगात नाही, दंड होतो. पण मामाच्या बाकीच्या गोष्टी खऱ्या निघाल्या.) त्याच्या बोटीवरचा एक स्विस इंजिनियर सांगायचा, आमच्याकडे काही गावांत सगळे पुरुष मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. बायका, असं आईने विचारलं. बायकांना मत नाही, मामा म्हणाला. तेव्हा आई हसली होती. म्हणजे गोऱ्यांच्या बायकांपेक्षा मी बरी, असं म्हणाली होती. आई मोठ्याने हसलेली मला आठवते ती बहुधा तीच शेवटची वेळ.

त्यानंतर विधानसभेची निवडणूक आली. दामूशेठ स्वतः उभा नव्हता, पण त्याचा माणूस उभा होता, आणि आमच्या पट्ट्यातली मतं आणून देईन असा शब्द त्याने दिला होता. मतदानाच्या दिवशी हायवेपासून खाडीपर्यंतचं एकूण एक वाहन त्याने आधीच बांधून ठेवलं होतं. त्याचे ट्रक, गोडदेवचे टांगे, खारीचा एक टेम्पो, सगळे मतदार वाहत होते. मधूला आदल्या दिवसापासून ताप होता. सकाळी त्याचा आवाज बसला आणि दुपारी श्वास घेताना त्याच्या घशातून करवतीसारखा आवाज यायला लागला. घटसर्प होता तो, हे नंतर कळलं. बाबा दुसऱ्या ट्रकवर मतदार आणायला घोडबंदरकडे गेले होते. आईने मधूला कडेवर घेतलं, माझा हात धरला आणि दामूशेठच्या ओटीसमोर जाऊन उभी राहिली. पदर कपाळावर होता, पण ती बोलली. पोराला बोरिवलीच्या इस्पितळात न्यायचंय, एक गाडी द्या, एवढंच.

दामूशेठ पान लावत होता. त्याने मधूकडे बघितलंसुद्धा नाही. "गाडी आता भाईंदरला चाललीय, माणसं घेऊन. तू पण चढ. आधी मत टाक, मंग हीच गाडी तुला बोरिवलीला सोडते. तुजं मत वाया जायला नको."

आम्ही ट्रकमध्ये चढलो. दुसरा मार्गच नव्हता. शाळेत मतदान होतं, लांब रांग होती, आणि बायकांच्या रांगेत आई मधूला कडेवर घेऊन उभी राहिली. एका बाईने पोराची अवस्था बघून आम्हाला पुढे सरकवलं. आत गेल्यावर आईच्या बोटाला शाई लावली, हातात कागद दिला. दामूशेठचा माणूस दारात उभा राहून कोणतं चिन्ह ते बजावत होता. आईने शिक्का मारला, त्याच चिन्हावर मारला, कारण तिला गाडी हवी होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा ट्रक नव्हता. पुढची फेरी आणायला गेला, असं कोणीतरी म्हणालं. आई थोडा वेळ थांबली, मग चालायला लागली. भर उन्हात, उलट्या दिशेने, हायवेकडे. मी तिच्या मागून धावत होते. हायवेवर एका टँकरवाल्या सरदारजीने आम्हाला बघून गाडी थांबवली आणि एक शब्द न विचारता वर घेतलं. दहिसर आलं तेव्हा मधूच्या घशातला आवाज थांबला होता. आईने इस्पितळात पोहोचेपर्यंत त्याला खाली ठेवलं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरही बराच वेळ ठेवलं नाही.

दामूशेठचा माणूस निवडून आला. मिरवणूक आमच्या चाळीसमोरून गेली, ताशा वाजत होता, गुलाल पत्र्यांवर उडाला. दामूशेठ स्वतः दोन माणसं घेऊन बाबांना भेटायला आला आणि म्हणाला, देवाची इच्छा. बाबांनी मान खाली घातली. त्यांना दुसरं काय करता येणार होतं, हे मला आता समजतं, पण तेव्हा मला त्यांचाही राग आला होता. आईच्या नखावरची शाई बरेच दिवस राहिली. नख वाढेल तशी ती पुढे सरकत होती. आई भाकऱ्या थापायची आणि ते बोट पिठात उमटू नये म्हणून बाजूला ठेवायची. शेवटी शाईचं टोक नखाच्या कडेला आलं, तेव्हा तिने ते विळीने खरवडून काढलं. ती रडली नाही. मला एकदाच म्हणाली, "मी त्याला मत दिलं, आणि त्याने मला गाडी दिली नाही. हे लक्षात ठेव." मी नऊ-दहा वर्षांची होते. मी लक्षात ठेवलं.

मामा पुढच्या सुटीवर आला तेव्हा त्याला मधूचं कळलं. तो ओटीवर जाऊन दामूशेठचं डोकं फोडणार होता, पण आईने त्याचा हात धरला. तू जाशील बोटीवर, आम्हाला इथे राहायचंय, असं म्हणाली. रात्री जेवायला बसलो. मामा मधूच्या डब्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून त्याने लिव्हरपूलच्या एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलेली गोष्ट काढली. पूर्वी इंग्लंडात मत चोरून द्यायचं नसायचं. मतदाराने चौथऱ्यावर चढायचं आणि कोणाला मत ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. खाली जमीनदार उभा असायचा. त्याच्या कुळाने दुसऱ्याचं नाव घेतलं की महिन्याभरात त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर. त्या खलाशाच्या आजोबांचं असंच गेलं होतं. मग लोकांनी भांडून भांडून चिठ्ठी आणली, म्हणजे मत झाकून द्यायचं.

आईने भात वाढायचं थांबवलं. "मग चिठ्ठी आल्यावर मालकाला कळायचं नाही? कोणी दिलं ते?"

"कसं कळणार? तो डोकं फोडून घेईल, पण कळणार नाही."

आईने मामाला आणखी भात वाढला. त्या वेळी मला वाटलं, ती ऐकतही नव्हती.

पुढे काही वर्षांनी आमच्या भागात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. या वेळी दामूशेठला स्वतःला सरपंच व्हायचं होतं. सरपंच तेव्हा थेट लोकांतून निवडत नसत. आधी गावाने सदस्य निवडायचे, मग सदस्यांनी आपल्यातून सरपंच. त्यात एक जागा बायकांसाठी होती, आणि त्या जागेसाठी कोणी आपल्या घरातली बाई उभी करायला तयार नव्हतं. बाईने पंचायतीत पुरुषांमध्ये बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील. दामूशेठच्या डोक्यात आली ती आमची आई. मुकी बाई, नवरा आपल्या पगारावर, घर आपलं, हात वर कर म्हटलं की करेल. त्याने बाबांना बोलावून सांगितलं, बाबांनी घरी येऊन सांगितलं. आई चुलीत फुंकर घालत होती. तिने विचारलं, सरपंच निवडताना मला मत असणार का. बाबा म्हणाले, त्यासाठीच तर. आई म्हणाली, मग ठीक आहे.

ती बिनविरोध आली. एकूण सात सदस्य झाले. दामूशेठच्या बाजूला तो स्वतः, त्याचा धाकटा भाऊ वसंत, म्हातारे गोविंदबाबा आणि आमची आई. समोरच्या बाजूला तीन. चार आणि तीन, हिशेब सरळ होता. तरीही दामूशेठने खबरदारी म्हणून आपल्या चौघांना गावदेवीच्या देवळात बोलावलं, नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला. आमच्या भागात ती शपथ कोणी मोडत नसे. वसंताने घेतली, गोविंदबाबांनी घेतली. आईने निरोप पाठवला, मी बाजूला बसलेय, मला देवळात येता येणार नाही. बाईने बाजूला बसलेय म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारायचं नसतं. दामूशेठनेही विचारलं नाही. त्याने बाबांना बायकोच्या वतीने नारळावर हात ठेवायला लावला. बाबांनी ठेवला. मी मात्र घरात होते, आणि आई त्या दिवशी बाजूला बसलेली नव्हती, स्वयंपाक करत होती. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली आणि भीतीही वाटली.

कारण पकडली गेली तर काय होणार, हे मला लख्ख दिसत होतं. खोली जाणार, बाबांची नोकरी जाणार, आणि दामूशेठच्या शब्दाबाहेर जाऊन हायवेवरचा दुसरा गॅरेजवालाही बाबांना उभं करणार नव्हता. आम्ही गावी परत जायचं म्हटलं तर गावी भावकीने घर कधीच वाटून घेतलं होतं. आईलाही हे माहीत होतं. तिने मला बसवून काही समजावलं नाही. एवढंच म्हणाली की एकट्या बाईने पुरुषांत बसणं बरं दिसत नाही, तू माझ्याबरोबर चल. म्हणून मी त्या बैठकीला पंचायतीच्या दारात बसले होते.

तालुक्याहून एक साहेब आले होते. टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी. दोन नावं आली, दामूशेठ आणि समोरच्या बाजूचे पाटील. साहेबांनी कागद काढून वाचला की मतदान हात वर करून होईल, मात्र हजर सदस्यांपैकी कोणी मागणी केली तर चिठ्ठीने घ्यावं लागेल. समोरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी मागायला हवं होतं, पण चारावर तीन, मागून काय मिळणार म्हणून गप्प बसले. साहेबांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, मग सुरू करू या. मी दारातून आईकडे बघत होते. तिने पदर होता त्याहून खाली ओढला आणि मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला लागली. आणि मग तिचा आवाज आला, इतका बारीक की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

"साहेब, सगळे वडीलधारे बसलेत. मला यांच्यासमोर हात वर करायला लाज वाटते. पदर सुटतो. माझी चिठ्ठी घ्या."

खोलीत हसू उठलं. गोविंदबाबांनीसुद्धा मान डोलावली, बाई मर्यादशील आहे अशा अर्थाने. थोरांसमोर हात उंच करणं, काख दिसणं, हे आमच्याकडे खरंच बरं समजत नसत. साहेब म्हणाले, एकीची चिठ्ठी आणि बाकीच्यांचे हात असं चालत नाही, घ्यायची तर सगळ्यांची चिठ्ठी. सगळ्यांनी दामूशेठकडे बघितलं. तो मांड्यांवर थापा मारून हसत होता. "द्या साहेब चिठ्ठ्या. बाईमाणूस हाय, लाजतेय. आपल्याला काय फरक न्हाय पडत."

चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकीवर दोन नावं, आपल्या माणसापुढे फुली करायची. आई भिंतीकडे तोंड करून बसली, फुली केली, घडी घातली आणि तांब्याशेजारच्या डब्यात टाकली. साहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि मग सांगितलं, पाटलांना चार, दामूशेठना तीन.

त्या क्षणीचं दामूशेठचं तोंड मी अजून जपून ठेवलंय. कधी झोप लागली नाही तर मी ते काढून बघते. आधी तो हसतच होता, कारण त्याला वाटलं साहेबांची चूक झाली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्याने आपल्या तिघांवरून नजर फिरवली. आईवरून ती अशी सरकली जशी खुर्चीवरून सरकावी. हात वर करायला लाजणारी बाई, ती कुठली दगा देते. गोविंदबाबांवरून सरकली, कारण म्हातारा देवीला भिणारा. आणि वसंतावर जाऊन थांबली. वसंताचं आणि त्याचं गॅरेजच्या वाटणीवरून आधीच बिनसलेलं होतं. घरी येताना आई माझ्या पुढे चालत होती. मला वाटलं तिला रडू येतंय, खांदे हलत होते. मी पुढे जाऊन बघितलं तर ती हसत होती, आवाज न करता.

पुढे जे झालं ते सगळ्या गावाने बघितलं. वसंताने पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, दादा, मी तुलाच दिलं. दामूशेठ त्याच्या अंगावर थुंकला. वाटणी झाली, ओटीच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि त्यांची म्हातारी आई भिंतीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा दिवस राहायला लागली. पुढे वसंत सगळं सोडून खारीला राहायला गेला. दामूशेठच्या मुलीच्या लग्नाला सख्खा काका आला नाही. आमचं मात्र काहीच बिघडलं नाही. उलट त्या दिवसापासून दामूशेठ आईला जरा मानाने वागवायला लागला, निदान ही तरी आपली राहिली म्हणून. बाबांनी आईला कधी काही विचारलं नाही. नारळावर हात त्यांनी ठेवला होता, त्यामुळे न विचारणंच त्यांना सोयीचं होतं. आणि नवा सरपंच देवमाणूस निघाला असं मुळीच नाही, त्याने गावासाठी काडी हलवली नाही. आईला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

एकदा वसंत आमच्याकडे आला. वाळला होता. उंबऱ्यात बसून म्हणाला, "वैनी, तुमी तिथं होतात. तुमी दादाला सांगा, तुमचं ऐकल तो. म्हातारी झुरतेय." आईने त्याला चहा दिला, सोबत बटर दिला. मग म्हणाली, भावजी, चिठ्ठ्या झाकलेल्या होत्या, कोणाची कुठली ते मी कसं सांगू. तो चहा पिऊन गेला. तो माणूस वाईट नव्हता. मधू गेला तेव्हा स्मशानात लाकडं त्यानेच आणली होती. मी मोठी झाल्यावर एकदा आईला हे बोलून दाखवलं, तेव्हा ती सुपात तांदूळ घोळवत होती. म्हणाली, "माझाही वाईट नव्हता." दामूशेठने आमचा भाऊ नेला, आईने त्याचा भाऊ काढून घेतला. मला ते बरोबर वाटतं.

आता मी मतदानाला लिफ्टने उतरून जाते. मशीनचं बटण दाबलं की लांब आवाज येतो, आणि मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ उभी राहते. बाहेरच्या टेबलावरची पोरं विचारतात, आजी, कोणाला दिलंत. मी त्यांना कुठल्यातरी एकाचं नाव सांगते. दर वेळी वेगळं. मामा सांगायचा त्या सगळ्या देशांतल्या लोकांनी कशासाठी एवढी डोकी फोडून घेतली, ते मला पुस्तकांतून समजून घ्यावं लागलं नाही. कोणी म्हणतं लोकशाही, कोणी म्हणतं हक्क. गरीब माणसाला मालकाच्या डोळ्यांसमोर बसून त्याचा सूड घेता येतो आणि वर त्याच्याच घरात राहता येतं, एवढा मोठा शोध दुसरा नाही.

पण झाकलेल्या सुडात एक कमतरता असते. ज्याच्यावर घेतला त्याला ते कळत नाही. आईला ती कमतरता वर्षानुवर्षं डाचत असणार, हे मला फार उशिरा समजलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नोकरीला लागले होते, आणि खोलीचं छप्पर अजून दामूशेठचंच होतं. एका सकाळी त्याला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. डोकं मात्र शाबूत होतं, सगळं समजत होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला ओटीवर खाटेवर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून, ज्या भिंतीने ती ओटी कापली होती. त्याची सून दोन लहान पोरं सांभाळून मेटाकुटीला आली होती. आईने एका रविवारी मऊ तांदळाची पेज केली, त्यात थोडं मीठ आणि तूप घातलं आणि मला म्हणाली, चल. मला वाटलं, माणुसकी म्हणून जातेय. आई खाटेजवळ बसली, पदर नीट केला, त्याच्या मानेखाली टॉवेल लावला आणि चमच्याने भरवायला लागली. सून आम्हाला बघून हुश्श करून आत गेली. दोन-तीन चमचे झाल्यावर आई बोलली, अगदी सावकाश, पोराला गोष्ट सांगावी तशी. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला त्याच्या डोळ्यांत बघून बोलताना पाहिलं.

"शेठ, त्या दिवशी वसंतभावजींनी तुम्हालाच मत दिलं होतं. तुमच्याविरुद्धची चिठ्ठी माझी होती."

तिने चमचा त्याच्या तोंडाला लावला. तो गिळेना, पेज ओघळली, तिने टॉवेलने पुसली.

"माझ्या मधूला घेऊन तुमच्या याच ओटीसमोर उभी होते. तुम्ही म्हणालात, आधी मत टाक. टाकलं."

त्याचा घसा कसातरी घरघरला. चांगल्या हाताने त्याने खाटेची कड धरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. आवाज ऐकून सून धावत बाहेर आली, सासऱ्याचे डोळे बघून तिलाच भरून आलं. म्हणाली, बघा ना मावशी, किती दिवसांनी यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तुम्ही आलात की यांना माणसं आठवतात. येत जाल का हो अधूनमधून?

"येईन गो," आई म्हणाली. "रोज येईन."

दामूशेठ त्यानंतर वर्षभर जगला. आई रोज गेली.